खांद्यावरचे चिमटे

या, जरा पुढे सरकून बसा. प्रेमाची गोष्ट सांगते. पण आधीच सांगून ठेवते, हिच्यात रागच फार आहे.

साऱ्या शहराचे कपडे धुणारी एक गल्ली. तिच्या तोंडाशी तीन मजली भिंत. गल्लीचा मान म्हणून नगरपालिकेने तिच्यावर चित्र काढायला एक तरुण चित्रकार धाडला. महिनाभर ताडपत्रीआड काम चाललं. ताडपत्री निघाली त्या दुपारी, डोक्यावर ओल्या चादरींचं गाठोडं घेतलेली एक मुलगी वळणावर आली, वर पाहिलं... आणि गाठोडं धपकन खाली!

"ए चित्रकार! उतर!"

शिडीवरून रंगाने माखलेलं तोंड डोकावलं. "आवडलं नाही वाटतं?"

"ती माझी आई आहे!"

"माहीत आहे. तुझ्या मामांनी फोटो दिला. डोळे जमलेत ना? अगदी तुझ्यासारखे—"

"डोळे राहू दे! शर्टाच्या खांद्याला चिमटे लावतेय ती! चिमट्याचे वळ खांद्यावर उठतात. आम्ही शर्ट उलटा टांगतो, चिमटे खालच्या काठाला. गल्लीला ते तिनेच शिकवलं. जाऊन वर्ष नाही झालं तिला, आणि तू भिंतभर तिला अडाणी करून ठेवलीस!"

"उलटे शर्ट चित्रात वाईट दिसतात," तोही तापला. "आणि चाळीस शर्ट आहेत! परवा उद्घाटन आहे!"

"मग परवा तुझं चित्र कुणाला दिसतं, बघतेच."

सकाळी भिंतीपुढे दोऱ्याच दोऱ्या, वर चादरीच चादरी. त्याने संतापून एक ओढली. तिच्यावर पाच हिरवी बोटं उमटली.

"आता धू," ती म्हणाली. "अंगातला शर्टही काढ, बघवत नाही."

तो धुवायला बसला. साबणाने हात सोलवटले. शेवटी तिनेच मनगट धरलं. "हळू! कापड आहे, भिंत नाही."

"सोड हात."

"तू सोड."

सोडला कुणीच नाही...

शर्ट मात्र त्याने हट्टाने खांद्यानेच टांगला. वाळल्यावर घातला, तर दोन्ही खांद्यांवर दोन शिंगं! बाया हसून लोळल्या. मामा म्हणाले, "बैलोबा, शेपूट तेवढं राहिलं!"

तीच हसली नाही. "उद्या लोक आईला असंच हसतील," म्हणाली, आणि तोंड फिरवलं.

तो शिडी चढला. उद्घाटनापर्यंत चाळीसही शर्ट खरवडून उलटे काढले.

नगरपालिकेचे साहेब आले नि भडकले. "हे मंजूर नव्हतं! पूर्वीसारखं करा, नाहीतर शहरात दुसरी भिंत मिळणार नाही."

"नको मला!" चित्रकार ओरडला. "मी या गल्लीचा आहे!"

"कधीपासून?" ती ओरडली.

"तू लग्नाला हो म्हणशील तेव्हापासून!"

"असं विचारतात? चारचौघांत, ओरडून?"

"मग कसं विचारू?"

"...ओरडूनच विचार. पुन्हा एकदा."

लग्न भिंतीखालीच लागलं. भांडतात अजून, देव त्यांना सुखी ठेवो. तुम्ही हात जोडाल तेव्हा त्या आईलाही आठवा, बरं का. लेकीचं लग्न सगळ्यांत उंचावरून तिनेच पाहिलं.