लेगीची मुलगी, राखेचा मुलगा

"म्बाक! ओ म्बाक! थांबा... तुमचं बाळ पडतंय!"

'म्बाक' म्हणजे ताई; हाक पालुपीलाच होती. तिनं करकचून ब्रेक दाबला आणि स्कूटर कोतागेदेच्या त्या बोळात तिरकी होऊन भिंतीला टेकली. एक हात आपसूक पुढे गेला. लारास होती. दोन्ही मुठींनी हँडल धरून उभी, तोंडात किपो मिठाईचा हिरवा घास, डोळे हे एवढाले. तीन वर्षांची लेक जागच्या जागी होती.

मग पडतंय ते कोण?

तिनं मागे वळून पाहिलं. एक सडपातळ तरुण फरशीवर गुडघे टेकून बसला होता. त्याच्या मिठीत जारिकमध्ये, बाळाला पाठीशी बांधायच्या त्या बातिकच्या कापडात, गुंडाळलेलं, तिच्याच स्कूटरच्या मागून सुटलेलं गाठोडं होतं. त्यानं हळूच, अगदी झोपमोड होऊ नये अशा बेतानं, कापडाचं टोक बाजूला केलं. आणि तसाच बघत राहिला.

"बाळाला..." तो म्हणाला, "पंखा आहे."

पालुपीला हसू आवरेना. 

"कॉम्प्युटर आहे तो!"

"आता कळलं. मी आपला रस्ताभर घाबरून पळतोय — बाळ एवढं जड, आणि रडत कसं नाही! जारिकमध्ये कोण बांधतं हो कॉम्प्युटर?"

"घरात तेच सगळ्यात मजबूत कापड. या बाईसाहेबांना दोन वर्षं त्यातच वागवलंय." तिनं लारासकडे मान केली. "त्या कधी पडल्या नाहीत."

"त्यांना पंखा नव्हता," तो गंभीरपणे म्हणाला. लारास खुदकन हसली, आणि किपोचा घास त्याच्या बाहीवर सांडला.

चांदीच्या कारागिरांच्या हातोड्या आतल्या घरांतून टुकटुक करत होत्या. कुठूनतरी मेलातीच्या, मोगऱ्यासारख्या फुलांचा वास येत होता. का कोण जाणे, पालुपीला तिथून लगेच निघावंसं वाटेना.

त्याचं नाव सेनो. जवळच्या शाळेत तो मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. पालुपी कॉम्प्युटरच्या दुकानातून परत निघालीय हे ऐकल्यावर त्यानं विचारलं, "दुकानदार काय म्हणाला?"

"म्हणाला, टाकून द्या. याच्यावर नवीन विंडोज चालणार नाही आणि जुनं आता टिकणार नाही. दिवसातून चारदा आपोआप बंद पडतंय." तिचा आवाज जरा खाली आला. "पण याच्यात आईचा प्रोग्रॅम आहे... आणि आई आता नाही."

 मग गाठोडं त्यानं पुन्हा उचललं, या वेळी दोन्ही हातांनी, नीट.

"मग टाकून कसं देता येईल?" तो म्हणाला. "घर कुठे तुमचं?"

पालुपीच्या ओसरीवर मग सेनोचं येणं सुरू झालं. शाळा सुटली की यायचा. त्यानं कुठूनसं एक वापरलेलं पण ठणठणीत यंत्र आणलं, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि जुन्या यंत्राशेजारी मांडलं.

"आता सांगा, कशाकशाशिवाय तुमचं अडेल?"

पालुपी घरी बसून लग्नपत्रिका तयार करायची. तो एकेक बघत गेला. पत्रिकांची नक्षी? त्याला लिनक्समध्ये दुसरा प्रोग्रॅम होता. दोन दिवस हात अडखळेल, मग बसेल. छपाईचं यंत्र? तेही ओळख दाखवत होतं. राहता राहिला आईचा प्रोग्रॅम.

आई गणिताची शिक्षिका होती. बापाक, म्हणजे पालुपीचे वडील, गल्लीतल्या पोरापोरींच्या जन्मदिवसांचा मेळ बघायचे. सात वारांना पाच बाजारवार जोडून येणारा प्रत्येकाचा एक दिवस, मग दोघांच्या दिवसांची बेरीज आणि त्यातून निघणारं जोडप्याचं भविष्य. नवऱ्याला आकडेमोडीत रात्री जागवत बसवण्यापेक्षा आईनं हा प्रोग्रॅमच लिहून काढला होता. विंडोजसाठी. मूळ लिखाण कुठे ठेवलं ते तिच्याबरोबरच गेलं. उरला फक्त चालणारा प्रोग्रॅम.

"हा लिनक्सला कळणार नाही," सेनो म्हणाला. "पण लिनक्समध्ये एक आवरण बसवता येतं. ते आईंच्या प्रोग्रॅमशी विंडोजच्या भाषेत बोलतं. त्याला वाटतं, आपण आपल्या जुन्या घरातच आहोत."

"म्हणजे फसवायचं त्याला?"

"फसवायचं नाही हो... सांभाळून घ्यायचं."

"फरक काय?"

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "फसवणारा निघून जातो. सांभाळणाऱ्याला तिथंच राहावं लागतं."

पालुपी एकदम उठून आत गेली. आल्याचं गरम पेय, वेदांग, उतू जात होतं म्हणे. चूल पेटवलेलीही नव्हती.

तिला घाबरायला कारण होतं. लारासच्या बापाचं नाव आईनं याच प्रोग्रॅममध्ये घातलं होतं. उत्तर आलं होतं 'पेगात', म्हणजे ताटातूट. आईनं गुपचूप पडदा बंद केला, आणि पालुपी हट्टानं लग्न करून मोकळी झाली. गोड बोलणारा तो माणूस कामासाठी बाताम बेटावर गेला, तो तिकडचाच झाला. दुसरं घर मांडलंय हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं. तेव्हापासून तिला वाटायचं, आपण डोळे मिटून एकदा उडी मारली, ती लेकीला घेऊन पडलो. पुन्हा नाही. आता पाऊल टाकायचं ते बघून.

आणि ती बघत होती. सेनो गरम पेला लारासच्या हाताला लागणार नाही असा ठेवतो, हे तिनं बघितलं. वायरी तो जमिनीवर सोडत नाही, हेही. बोलताना कधी कधी वाक्य अर्धंच सोडून तिच्याकडे पाहतो...

"तुमचा जन्म कुठला?" एकदा सहज त्यानं विचारलं होतं.

"इथलाच. लेगीचा. लेगी म्हणजे आमच्या बाजाराचा दिवस. आईला घेऊन निघालेली रिक्षा कोंबड्यांच्या पाट्यांत अडकली. मी जवळजवळ बाजारातच झाले."

"म्हणूनच," तो म्हणाला.

"म्हणूनच काय?"

"तुम्ही आलात की गजबज वाटते."

"गजबज! हे कौतुक झालं?"

"शाळेतला मास्तर आहे मी, म्बाक. एवढंच येतं."

एका दुपारी जुनं यंत्र बंद पडलं ते पुन्हा उठलंच नाही. पण तोवर आईचा प्रोग्रॅम नव्या घरी आला होता. पडद्यावर आईनं काढलेला मेलातीचा गजरा उमटला, आणि अंगणात पक्ष्याचा पिंजरा साफ करणारे बापाक हात ओलेच घेऊन आत आले. उभे राहिले.  मग त्यांनी ओळखीच्या पाचसहा जोडप्यांच्या तारखा सांगितल्या, बोटांवर मोजलं, पडद्याशी ताडून पाहिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. आणि सेनोच्या खांद्यावर त्यांनी तो ओला हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी लारास झोपली होती. बापाक बाहेर गेले होते. पालुपी यंत्रापुढे बसली. एक जन्मतारीख तिची. दुसरी... शाळेच्या ओळखपत्रावर वाचलेली. वाचायची नव्हती, पण डोळे गेले होते. बटण दाबताना तिनं चक्क डोळे मिटले.

उघडले, तेव्हा सगळ्यात खालच्या ओळीत शब्द होता — 'जोदोह'. एकमेकांसाठीच.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, तिला सांगता आलं नसतं. पत्रिकांवरच्या नक्षीत तिनं जास्तीची फुलं काढली. भाजीत मीठ दोनदा पडलं. वाऱ्यानं दाराचा पडदा हलला तरी तिला वाटायचं, आला. आणि तो यायचाच. तोही हल्ली कारण नसताना हसायचा.

मग एका संध्याकाळी आला, तेव्हा हसला नाही.

"पालुपी," तो म्हणाला. नावापुढचं 'म्बाक' कुठेतरी गळलं होतं. "माझी एक चूक झालीय."

ती ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"आईंच्या प्रोग्रॅमला आधी दिवस, मग महिना लागतो. नव्या यंत्रात ते मी सांगायचं विसरलो. त्यानं आधी महिना धरला. बारा तारखेनंतरचा जन्म असेल तर त्याला दिवसाचा महिना करता येत नाही, म्हणून ते गप्प बरोबर उत्तर देतं. बापाकनी तपासलेली माणसं नेमकी सगळी तशीच निघाली. पण तुम्ही..."

"सहा मार्चची."

"तुम्हाला त्यानं तीन जूनची केलं. पडद्यावर तुमचा बाजारवार क्लिवोन दाखवत होता. तुम्ही तर लेगीच्या... कोंबड्यांच्या पाट्या..." तो थांबला. कानशिलं लाल झाली होती. "आता दुरुस्त केलंय."

"पण माझी तारीख तुम्हाला पडद्यावर कशी दिसली?" पालुपीनं हळूच विचारलं.

"मी घातली होती. तुमची... आणि माझी."

अंगणात बापाकचा पक्षी घुमला. पालुपीनं मान खाली घातली. "मीही," ती म्हणाली.

दोघांनाही एकदम हसू आलं, आणि तितक्याच एकदम विरलं.

"दुरुस्त केल्यावर पुन्हा घातलीत?"

"हो."

"काय आलं?"

 त्यानं खरं तेच सांगितलं. "पेगात."

तांदळाचं सूप तिच्या मांडीवरून घसरलं. पांढरे दाणे पायरीभर झाले. तोच शब्द. पुन्हा तोच.

"सांगितलं नसतंत..." ती म्हणाली, "सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"माहितीय. चार दिवस झोपलो नाही त्यानं. पण बापाककडे लोक आपल्या मुलींच्या तारखा घेऊन येतात. आणि तुम्ही..." वाक्य या वेळी त्यानं अर्धं सोडलं नाही. "तुम्ही उद्या माझ्यावर विसंबून चालाल, आणि खाली मी चोरून लावलेली फळी असेल — तसं मला तुम्ही नको होतात."

बापाक दारात येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते खाली वाकून दाणे गोळा करू लागले. मग वर न बघताच, भाऊ म्हणावं तसं 'मास' म्हणत विचारलं, "मास सेनो, तुझा जन्म सूर्य मावळायच्या आधीचा की नंतरचा?"

"म्हणजे?"

"आपल्या मोजणीत सांजेची बांग झाली की दिवस बदलतो. बांगेनंतर जन्मलास तर तू पुढच्या दिवसाचा. दाखल्यावर काहीही असो."

सेनोनं आईला फोन लावला. भूकंप झाल्यासारखा तिकडून आवाज आला. आई आणि मावशी दोघी एकदमच बोलत होत्या.

"आधीचा रे! शुक्रवारचा आहेस तू," आई म्हणाली.

"काही नाही, शनिवारचा!" मावशी मागून ओरडली. "दिवे लागले होते ना?"

"अगं बये, दिवे दुपारीच लागले होते! मेरापी डोंगर पेटून राख पडत होती, हाताला हात दिसत नव्हता. विसरलीस?"

"मग बांग ऐकलीस का तू?"

"भोंग्यात राख गेली होती. कुणालाच ऐकू आली नाही. आणि मी कळा देत होते, की बांग ऐकत होते?"

"म्हणून तर म्हणते शनिवार! पण मेल्या, हे आता कशाला विचारतोयस?" मावशीचा आवाज एकदम जवळ आला. "मुलगी कोण आहे?"

सेनोनं घाईघाईनं फोन बंद केला. बापाक खोकल्यासारखं हसले. गोळा केलेल्या दाण्यांचं सूप त्यांनी लेकीच्या हातात दिलं.

"मी आकडे सांगतो, पोरी," ते म्हणाले. "लग्नं माणसं करतात." आणि पिंजऱ्याकडे निघून गेले.

ओसरीवर यंत्राचा पडदा निळसर उजळत होता. सेनो त्यापुढे बसला. बोट बटणावर होतं, पण दाबत नव्हता.

"शनिवार घालून बघू? कुणास ठाऊक... एकदा दाबलं की कळेल."

पालुपी त्याच्यामागे उभी राहिली. खरंच, एकदाच दाबायचं. 'जोदोह' आलं, तर आयुष्यभर निर्धास्त. नाही आलं तर... आतल्या खोलीत लारास झोपेत कूस बदलत होती. त्या आवाजाकडे तिचा एक कान नेहमीच असे. लेकीसाठी पक्की जमीन हवी होती तिला, आणि ती या शब्दांत शोधत होती. पण लारासच्या बापानं कधी एक खरी गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली होती का? आणि हा... स्वतःच्याच विरुद्ध जाणारं खरं घेऊन सायकल मारत आला.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. बोट बटणावरून उचललं.

"नको."

"भीती वाटते?"

"वाटते. खूप." ती म्हणाली. "पण बघून जे बघायचं होतं, ते मी बघितलंय."

त्यानं मागे वळून पाहिलं. काही बोलणार, तोच फोन पुन्हा वाजला. मावशी.

"आता काय सांगू यांना?" तो कासावीस होऊन म्हणाला. "मुलगी कोण, विचारतील..."

पालुपीनं फोन त्याच्या हातातून घेतला. पदराला हात पुसावा तसा अंगातल्या कबाया-सदऱ्याच्या काठाला हाताचा घाम पुसला, आणि कानाला लावला.

"मावशी, नमस्कार. मी पालुपी, कोतागेदेची," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. "मला तीन वर्षांची मुलगी आहे. तुमच्या घरातला दिवस शुक्रवार ठरो की शनिवार... मला चालेल."