बुजवलेली पन्हळ

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांचं पक्कं मत आहे, त्यांनी हे वाचू नये. ही भर दुपारची हकीकत आहे. मागच्या वैशाखातली, परतूर तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे आता मुलं अभ्यासाला बसतात.

आणि ही खरी आहे.

मी आयुष्यभर बँकांचे हिशेब तपासले. समोरचा शपथ घ्यायला लागला की मी आधी पावती मागायचो. आज माझ्याकडेच पावती नाही. मी तिथे होतो, एवढंच सांगू शकतो.

मार्तंड माझा मेहुणा. माझ्या बायकोचा, विमलचा, धाकटा भाऊ. जालन्यात आर्किटेक्ट आहे. जुन्या संरक्षित इमारतीत किरकोळ बदल करायचे असले तर ज्या समितीची परवानगी लागते, त्या समितीवर तो आहे. माणूस वाईट नाही. कुणाला नाही म्हणताना त्याला घाम फुटतो, आणि हो म्हणताना चेहऱ्यावर उपकार दिसतात. अशी माणसं समित्यांवर फार टिकतात.

प्रकरण एका दगडी धर्मशाळेचं होतं. मार्तंडच्याच पणजोबांनी बांधलेली. गावाला तिथे अभ्यासिका हवी होती. अर्जातले बदल साधे होते. पंखे, वायरिंग, दाराशी उतार.

आणि शेवटी एक ओळ... ‘भिंतीतील निरुपयोगी छिद्र बुजवणे.’

त्या छिद्राच्या जागी पाटी बसणार होती. पणजोबांच्या नावाची. ‘यांनी आल्यागेल्या प्रत्येक तहानलेल्यास पाणी पाजले.’ मजकूर मार्तंडने स्वतः लिहिला होता. पणजोबा आपले, पाटी आपली आणि परवानगी देणारेही आपणच. बँकेत असतो तर मी या नोंदीला लाल शाई लावली असती. पण मजकूर त्याने आमच्या घरी, जेवताना वाचून दाखवला.

विमलने मात्र ताटावरून मान वर केली.

“मार्तंड, ते भोक कशाचं आहे, ठाऊक नाही का तुला?”

“हवेचं असंल, ताई.”

“हवेचं? बाबांनी आपल्या दोघांना दाखवलं होतं. पन्हळ आहे ती. ज्यांना आत येऊ देत नव्हते, ते बाहेर उकिडवे बसायचे, ओंजळ धरून. आपली माणसं आतून पन्हळीत पाणी ओतायची. विटाळ नको म्हणून.”

मार्तंड भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

“पाणी दिलंच ना पण? मंग मजकुरात खोटं काय आहे?”

“काहीच खोटं नसंल तर राहू दे की पन्हळ. पाटी बाजूला लाव.”

“अन् लोकांनी विचारलं, हे काय आहे, तर? उद्घाटनाला सगळा तालुका येऊन राह्यलाय. आपलं नाव आहे त्या गावात, ताई. तेवढं एकच तर राह्यलंय.”

विमलने माझ्याकडे पाहिलं.

मी आमटी वाढून घेतली.

परवानगी मिळाली.

पन्हळ बुजवायला राजानंद नावाचा गवंडी आला. मार्तंडबरोबर मीही गेलो होतो. निवृत्त माणसाला कुणीही गाडीत घालून नेतं.

“साहेब, हे कशाला ठिवलं व्हतं?” राजानंदने विचारलं.

“हवेसाठी.”

राजानंदने पन्हळीतून हात फिरवला. दगड आतून गुळगुळीत झाला होता. हात झटकून तो चुना कालवायला बसला.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. बाहेर ऊन असं, की दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक व्हावा.

चुना ओला होता.

“वाळूनच न्हाई राह्यला, साहेब,” राजानंद म्हणाला. “दोनदा खरवडून भरला.”

मार्तंडने बोट लावून पाहिलं आणि रुमालाला पुसलं. “खालून ओल येत असंल.”

वैशाखात. त्या गावात, जिथे टँकर आला की माणसं हातातलं ताट टाकून पळतात.

आत खोलीत कामावरच्या लोकांसाठी पाण्याचा जार ठेवला होता. उलटा बसवतात, खाली तोटी असते, तसला. राजानंद आणि त्याचा जोडीदार बाहेर लिंबाखाली जेवत होते. खोलीत आम्ही दोघेच.

आणि...

भुडुक.

जारात एक मोठा बुडबुडा वर गेला.

तोटी उघडली की असा बुडबुडा येतो. तोटीपाशी कुणी नव्हतं.

भुडुक... भुडुक...

पाणी खाली उतरत होतं. तोटी बंद. खालची फरशी कोरडी.

लांबून चालत आलेला माणूस पितो ना, तसं चाललं होतं. आधी न थांबता. मग जरा दम घेऊन. मग परत.

जार रिकामा झाला.

“तडा गेलाय जारला,” मार्तंड म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. त्याने दुसरा जार मागवला.

दुसऱ्यालाही तसाच ‘तडा’ गेला.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “उघड ते, मार्तंड.”

“भाऊजी, तुम्ही हिशेबातले. तुम्हाला भूत कधीपासून दिसायला लागलं?”

“भूत नाही दिसत. तुझी पाटी दिसते.”

जालना येईपर्यंत त्याने गाडीतला रेडिओ मोठ्याने लावून ठेवला. मला बरं वाटलं. एखाद्याची चूक नेमकी पकडली की बँकेत वाटायचं, तसंच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाटी बसवायची होती. संगमरवरी, सोनेरी अक्षरांची. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. राजानंद स्क्रू आणायला परतूरला गेला होता. दुपारची वेळ. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

या वेळी आवाज जारातून आला नाही.

बाहेरून आला... कोरडा घसा खाकरल्यासारखा, बुजवलेल्या पन्हळीच्या पलीकडून.

आम्ही वळसा घालून भिंतीमागे गेलो. मी हातातली पाण्याची बाटली तशीच घेऊन गेलो.

कुणी नव्हतं.

भिंतीची वीतभर सावली, आणि तिच्यात धूळ.

मग कट्... कट्... म्हाताऱ्या माणसाचे उकिडवं बसताना गुडघे वाजतात, तसं.

आमच्यापासून हातभर अंतरावर.

मग दोन कोरडे तळहात एकमेकांना लागल्याचा आवाज. ओंजळ जुळवताना होतो तो.

त्यानंतर काही नाही. कुणीतरी वाट बघत होतं.

मार्तंडने माझा शर्ट मागून धरला.

“ओता, भाऊजी. मला न्हाई जमणार. तुम्ही ओता. मी पन्हळ उघडतो, पाटी बाजूला लावतो, तुम्ही म्हणाल तसं. पण आधी ओता.”

मी ओतलं.

पाण्याची धार खाली गेली... आणि अर्ध्यातच दिसेनाशी झाली. खालच्या धुळीवर एक थेंब नाही.

घट... घट... घट...

खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. भीतीच्या आतसुद्धा वाटला. याच्या पणजोबांनी जे केलं नाही ते आपण समोर उभं राहून करतोय, असं मनात येऊन गेलं.

तेवढ्यात माझी नजर माझ्या हातावर गेली.

हात खांद्याच्या वर होता.

कोपर ताठ. कंबरेतून मी मागे झुकलो होतो, आणि धोतराचा सोगा सावरावा तसा डाव्या हाताने पँटचा पाय वर धरला होता. मी जन्मात धोतर नेसलेलो नाही. असं पाणी द्यायला मला कुणी कधी शिकवलेलं नाही. आमच्या घरात विटाळ-बिटाळ चालत नाही, असं मी कितीतरी लोकांना ऐकवलं आहे.

मी हात खाली आणायला गेलो.

घट... बंद झालं.

पाणी सरळ धुळीत पडायला लागलं. तिथे चिखल झाला.

कट्... कट्...

कुणीतरी उठलं. मग पावलांचाही आवाज नाही.

मार्तंड माझ्या हाताकडे बघत होता. बराच वेळ. मग त्याने शर्ट सोडला, आणि त्याच्या अंगातली सगळी भीती उतरलेली मला दिसली.

“थांबलं ना?” तो म्हणाला. “झालं मंग.”

पन्हळ उघडण्याचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. कोणत्या तोंडाने काढणार होतो?

संध्याकाळी चुना खडखडीत वाळला. राजानंदने पाटी बसवली. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो, शाल घेतली, टाळ्या वाजवल्या. जार आता गप्प आहे. मार्तंड सांगतो, तडाच होता.

विमलला मी सगळं सांगितलं. जार, गुडघ्यांचा आवाज, धार मधेच नाहीशी झाली ते. फक्त हाताचं सांगितलेलं नाही.

ती हुशार आहे. भाजी निवडता निवडता अजून मधेच थांबते आणि विचारते,

“अहो, तुम्ही तर देत होता ना पाणी? मग ते अर्ध्यावरच का उठलं असंल?”