सतराव्या पेटीतली फिरकी

आमचं पतंगांचं संग्रहालय म्हणजे पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्याआधी मी बावीस वर्षं जमीनमोजणी खात्यात काढली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही खोड तिथली.

फिरकी आणून दिली ती एका म्हाताऱ्या घड्याळजींनी. त्यांच्या जुळ्या बहिणीची. विसाव्या वर्षी एका कटलेल्या पतंगामागे ती नदीचा बांध उतरून पलीकडे गेली, ती परत आलीच नाही.

"पन्नास वर्षं झाली बाई. हल्ली ही फिरकी रात्री आपोआप फिरते. झोप लागत नाही," असं म्हणून काका कसनुसं हसले.

मी दोरा मोजला, नोंद केली आणि फिरकी काचेच्या सतराव्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. दर बुधवारी दुपारी काका यायचे, पेटीसमोरच्या स्टुलावर तासभर गुमान बसायचे.

महिनाभराने पेटीच्या फटीतून वीतभर दोरा लोंबताना दिसला. आत ढकलला. दुसऱ्या दिवशी तो हातभर होता. उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला. पिंजरा रिकामाच राहिला.

त्या बुधवारी मी जेवून वर आले, तर दोरा थेट झरोक्यातून बाहेर गेलेला. तारेसारखा ताठ. वाऱ्याचं नाव नव्हतं. समोरच्या गच्चीवरचे कपडे जागचे हलत नव्हते.

काका माझ्या मागे दारात उभे होते. पुढे होऊन त्यांनी दोरा चिमटीत धरला.

"ढील देऊ का गं?" त्यांनी झरोक्याबाहेर बघत बहिणीला विचारलं.

दोन हिसके बसले. पेटीत फिरकी गरकन फिरली.

"ओढून बघा ना," मी म्हणाले.

त्यांनी ओढलं. दोरा तसूभरही येईना. "पहिल्यापासून हट्टी," ते म्हणाले. डोळे भरून आले होते. "मी म्हातारा झालोय, हे तिला कुठे ठाऊक? ओळखेल का हो मला?"



दोरा एकदम सैल पडला. काका दाराकडे वळले. "बांधापर्यंत जाऊन येतो."

"थांबा, मीही येते."

"नको. परक्यांसमोर ती बुजते."

खिडकीतून मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पाहिलं. झपझप चालले होते, तरण्या माणसासारखे.

संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. बाबा घरी आले नव्हते. आम्ही सगळा बांध पालथा घातला. कुणालाच ते दिसले नव्हते.

सकाळी संग्रहालय उघडलं. दोरा पूर्ण गुंडाळलेला होता, एकही गुंता नाही. पेटीला कुलूप. किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी पेटी उघडून फिरकी उचलली.

तिच्या दोन्ही मुठी कोमट होत्या.