समक्ष सही

ही गोष्ट खरी आहे.

चाळीस वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिल्यामुळे माझं कोणी खरं धरत नाही. तरी सांगतो.

मागच्या मे महिन्यातला रविवार. दुपारचे साडेतीन. नागपुरात, सदर भागातलं आमच्या गृहनिर्माण संस्थेचं ऑफिस.

भूत दुपारी येत नाही म्हणतात. मेमध्ये आमच्याकडे दुपारी माणूसही येत नाही.

संस्थेची निवडणूक टपालाने होते. मतपत्रिका पाकिटात, पाकिटावर सभासदाची सही. ती जुन्या नमुना कार्डाशी जुळवायची. जुळली नाही, तर सभासदाला फोन करायचा. त्याने पाचच्या आत समक्ष येऊन रजिस्टरमध्ये सही केली, की मत धरायचं. नाही आला, तर पाकीट न उघडता बाद.

तपासायला आम्ही तिघं. निवडणूक अधिकारी वामनराव, सचिव चारुशीलाताई आणि मी. फोनचं काम माझ्याकडे.

एक पाकीट हाती आलं. प्रेमिला ढोके, नंदनवन.

कार्डावर डावा अंगठा. एकोणीसशे चौऱ्याण्णवचा.

पाकिटावर मात्र सही. आडनाव नाही, नुसतं 'प्रेमिला'. मोठी, थरथरती अक्षरं. वरची रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी झोल खाल्लेली.

"अंगठ्याले अक्षर फुटलं वाटते," मी म्हणालो.

वामनराव खोकला येईपर्यंत हसले.

"हसून काय राहिले? फोन लावा न भाऊ तिले," चारुशीलाताई म्हणाल्या.

"अंगठाबहाद्दर बाई या वयात सही शिकन काय? घरच्या कोणी ठोकली असन," मी म्हणालो.

मी फोन लावला नाही. वामनरावांना आणखी थोडं हसवायचं होतं. 'बाद'चा शिक्का उचलला आणि सहीच्या डोक्यावरच मारला. ते पुन्हा हसले.

साडेचारला दोघं खाली उसाचा रस प्यायला गेले. मी एकटाच.

लाईट गेली. कूलर थांबला.

आणि त्या शांततेत...

खर्र.

कागदावर पेन घासल्याचा आवाज.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नाही. पेन टेबलावर, टोपण लावलेलं.

खर्र... खर्र...

आवाज समोरून येत होता. उघड्या रजिस्टरमधून.

'समक्ष सही' या रकान्यात मघाशी काही नव्हतं. आता तिथे...

'प्रे'.

शाई ओली होती.

मग माझ्या डोळ्यांदेखत एक वेलांटी उमटली. सावकाश. मध्येच थांबली. पुन्हा पुढे सरकली. तिच्याखाली 'म' आला.

मी पाकिटावरचा नंबर फिरवला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

एका मुलीने उचलला. प्रेमिलाबाईंची नात, पायल.

"आजी तं गेली काका. मंगळवारी."

"पण तिचं पाकीट आलं आहे न," मी म्हणालो.

"सोमवारी स्वतः पेटीत पाकीट टाकून आली. दोन महिने मी सही शिकवून राहिली होती तिले. म्हणे, आता मी कुठंच अंगठा नाही लावत." जरा थांबून तिने विचारलं, "धरलं न जी तिचं मत?"

शिक्का मारलेलं पाकीट माझ्या हातात होतं.

"हो," मी म्हणालो. "धरलं."

"थांबा, तिले सांगते." फोनपासून दूर जात ती कुणाला तरी म्हणाली, "आजी, धरलं वं तुझं मत."

इकडे, माझ्यासमोर...

खरखर थांबली.

पाच वाजेपर्यंत मी त्या रकान्याकडे पाहत बसलो. पुढे काही उमटलं नाही.

दोघं परत आले. वामनरावांनी रजिस्टर पाहिलं. "हे 'प्रेमि' काय आहे गा? कोनाचं लफडं?"

या वेळी मी हसलो नाही. पेन चालवून पाहत होतो, असं सांगितलं. त्या दिवसातली माझी दुसरी थाप. पाकीट बादच्या गठ्ठ्यात पालथं घातलं.

घरी येऊन नियमांची पुस्तिका काढली. 'सभासदाने समक्ष येऊन सही करावी.' सभासद जिवंत असावा, असं कुठंच लिहिलेलं नाही.

ती आली होती. वेळेत आली होती.

एक 'ला' तेवढा राहिला होता.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिने हात थांबवला.