राजुरी ते कोल्हापूर, व्हाया पंक्चर

"गेली!" स्वप्ना म्हणाली आणि सायकलवरून उतरली. पुढचं चाक पार बसलं होतं.

"माझी पण," मागून रुपेशचा आवाज आला. "राव, पायी निघालो असतो तर एव्हाना मंचरला जेवत असतो."

स्वप्नाला हसू आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीतली ही सायकलफेरी राजुरीहून थेट कोल्हापूरला जायची होती. वाटेतल्या गावांनी मदत करायची आणि त्या मदतीतून डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरातल्या मुलींना सायकली घ्यायच्या, असा बेत. पिंपळवंडीहून स्वप्ना आणि तिचा चुलतभाऊ रुपेश मोठ्या हौसेनं निघाले होते. आज कुठे दुसरा दिवस, कळंबसुद्धा धड ओलांडलं नव्हतं, आणि निम्मी फेरी रस्त्याच्या कडेला सायकली उलट्या करून बसली होती.

तेवढ्यात साधना आली. ती त्या डोंगरातलीच. गेल्या वर्षी टोमॅटोच्या हंगामात तिचे आईबाप पिंपळवंडीला कामाला आले, तेव्हा ती स्वप्नाच्या बाकावर बसायची. आता तिची शाळा घाट उतरून खाली, आणि एसटीचा काही भरवसा नाही. तिच्या बापानं, कुशाबानं, साफ सांगितलं होतं, "दिवाळीनंतर सायकल आली तर साळा. न्हाईतर चल आमच्यासंगं कामाला." म्हणून ती उसन्या सायकलवर या फेरीत आली होती.

साधना वाकली, रस्त्यावरून काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं.

"काय गं?"

"खिळा. दुसऱ्या कुणाच्या चाकात जायला नको."

हाच चांगुलपणा तिच्या अंगाशी आला. दुपारी सगळे रडतखडत अवसरी बुद्रुकच्या शाळेत पोचले. साधना हातपाय धुवायला नळावर वाकली आणि तिच्या खिशातले खिळे फरशीवर खळाखळा सांडले. समोर नेमके गेणभाऊ उभे. गेणभाऊ म्हणजे फेरीचे प्रमुख. छातीवर भला मोठा बिल्ला, आणि आवाज असा की लाउडस्पीकरनं लाजावं.

"हां, म्हणजे खिळे हिच्या खिशात आणि पंक्चर आमच्या चाकात," ते म्हणाले.

"मी वेचले वो," साधना म्हणाली.

"वेचले? रस्त्यात काय बोरं पडली व्हती?"

चारदोन माणसं हसली. साधनानं एकदा स्वप्नाकडे बघितलं आणि सांडलेले खिळे गोळा करायला ती खाली बसली. मग गेणभाऊंनी निकालच लावून टाकला. उद्या सकाळी गावचा सत्कार घ्यायचा आणि फेरी इथंच मोडायची. पोरीच्या बापाला आत्ताच्या आत्ता फोन लावायचा.

बघा म्हणजे. फेरी मोडली तरी सत्कार मोडणार नव्हता!

स्वप्नाच्या आजोबांनी, भागुजींनी, घरात एकच कायदा करून ठेवला होता: उपाशी राहा, पण शाळा सोडायची नाही. आणि इथे तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मैत्रिणीची शाळा सुटत होती. वर खिळे टाकल्याचा डाग. कुणाशी भांडावं तेच तिला कळेना.

साधना व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. स्वप्ना आणि रुपेश तिच्याजवळ टेकले.

"साधना, हे खिळे तुला कुठं कुठं सापडले?"

"गाव सुटलं की," साधना म्हणाली. " दर गावाच्या पुढं. मधल्या रस्त्याला एक न्हाई."

रुपेशनं एक खिळा डोळ्याजवळ धरला. "स्वप्ने, हे बघ. डोक्याखाली काहीतरी अडकलंय. भगवं, प्लॅस्टिकसारखं."

तिघांनी एकदमच मैदानाकडे पाहिलं. तिथे फेरीचा टेम्पो उभा होता. हा टेम्पो सगळ्यांच्या पुढे गाणी वाजवत चालायचा. त्याच्या मागच्या अंगाला लाकडी चौकट बांधली होती आणि चौकटीवर स्वागताचा फ्लेक्स. प्रत्येक गावची मंडळी आधीच्या गावाचा फ्लेक्स टराटरा ओढून काढायची आणि हात जोडून हसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्यांचा नवा फ्लेक्स ठोकायची. जुने खिळे कोण उपटून काढतो? ते तसेच अर्धवट लोंबत राहायचे.

स्वप्नानं चौकटीला नुसता धक्का दिला. दोन खिळे टपकन तिच्या पायाशी पडले.

"म्हणजे टेम्पो पुढं खिळे पेरतोय," ती म्हणाली, "आणि आपण मागून जाऊन ते चाकात घेतोय."

तिघं धावत गेणभाऊंकडे गेली. गेणभाऊ उद्याच्या हारांबद्दल फोनवर बोलत होते. त्यांनी निम्मंच ऐकलं. "मैत्रिणीला वाचवायला गोष्टी रचू नका. जेवा आणि झोपा."

"संपलं सगळं," स्वप्ना परत येऊन म्हणाली. "खरं सांगूनही कुणी ऐकत नाही."

"मग ऐकवायचं कशाला? दाखवू," रुपेश म्हणाला. त्यानं पिशवीतून जुन्या स्पीकरचं जाडजूड लोहचुंबक काढलं. हे धूड तो कुठेही बरोबर न्यायचा आणि त्यावरून आईची रोज बोलणी खायचा.

सकाळी मिरवणूक निघाली. टेम्पोवर कोरा करकरीत फ्लेक्स ठोकला होता. त्यावर गावातले झाडून सगळे भावी नेते होते आणि कोपऱ्यात बोटभर सायकल. टेम्पोच्या मागे रुपेश दोरीला चुंबक बांधून, शेळी चरायला न्यावी तसा सावकाश चालला होता. लोक हसत होते. प्रत्येक गतिरोधकावर टेम्पो आदळायचा, चौकट खडखडायची आणि रस्त्यावर चुंबक टकटक वाजायचं.

शाळेत भाषणं सुरू झाली. गेणभाऊ माइकवर "जड अंतःकरणानं" म्हणतात न म्हणतात तोच स्वप्ना मंचावर चढली आणि तिनं ते चुंबक त्यांच्या समोरच्या टेबलावर आदळलं. त्याला साळिंदरासारखे खिळे चिकटले होते.

"एवढ्या मिरवणुकीत टेम्पोनं सांडलेले," ती म्हणाली. "साधना सगळ्यात मागं होती, टेम्पोच्या जवळपाससुद्धा नव्हती. प्रत्येक खिळ्याला फ्लेक्सची चिंधी आहे. बघा तुम्हीच."

पाहुण्या म्हणून बसलेल्या बचत गटाच्या सारजाबाईंनी एक खिळा उचलून निरखला.

"गेणभाऊ, तोंडं मिरवायची आपली आन खापर फोडायचं पोरीवर?" त्या म्हणाल्या. "लेकरांनो, लई हुशार हायसा तुमी. मोठ्यांना जमलं न्हाई ते केलंत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गेणभाऊंनी ओशाळून बिल्ला काढून खिशात घातला आणि आपल्याच गळ्यातला हार स्वप्नाकडे नेला. "शाबास पोरी. फेरी मोडायची न्हाई. टेम्पो आता मागनं चालंल, बिनफ्लेक्सचा."

पण स्वप्ना गर्दीत साधनाला शोधत होती. साधना तिथे नव्हती. मिरवणूक शाळेत पोचताच कुशाबा आला होता आणि लेकीला घेऊन थांब्याकडे गेला होता.

"शाबासकी तिला द्या," स्वप्ना रडत म्हणाली. "एसटी यायच्या आत द्या."

गेणभाऊ खरंच धावले, मागोमाग स्वप्ना. थांब्यावर कुशाबा उभा होता, साधना त्याच्या पाठीआड. गेणभाऊंनी भर रस्त्यात हात जोडले. "चुकलं आमचं. पोरी, माफ कर मला."

"काल फोनवर म्हनला, पोर खिळे टाकती," कुशाबा शांतपणे म्हणाला. "तिच्या आईच्या घशाखाली घास उतरला न्हाई. आता माफी. माफीवर बसून साळंत जाता येतं का, भाऊ?"

कोल्हापूरहून परतल्यावर पहिली सायकल आपण स्वतः चालवत तिच्या दारात आणू, एवढं गेणभाऊ कसंबसं म्हणाले.

"आना. तवर ती माझ्यासंगं कामाला."

मंचरची एसटी आली. साधना मागे न बघता चढली. स्वप्ना खिडकीखाली नुसती उभी राहिली. एवढं सगळं शोधून काढलं, आणि गाडी तरी निघालीच.

मग खिडकीची काच सरकली.

"स्वप्ना, आमच्या वाटंला शेवटाला उभा चढ हाय," साधना म्हणाली. "तिथं उतरून सायकल ढकलत आना. पर लई उशीर करू नका."

एसटी वळणाआड गेली. स्वप्नानं बाहीनं डोळे पुसले आणि गेणभाऊंकडे वळली. "चला," ती म्हणाली, "उन्हं चढायच्या आत निघू."