धीटपणाचा सराव

खरं सांगते, धम्मदीप माझं बोलणं ऐकायला आलाच नव्हता. आमच्या वर्गातल्या राजीवला गाडीनं सोडायला सोहारहून आला होता. आखातातल्या आमच्या या अल् खुवैरमध्ये आयतं पार्किंग मिळालं, ते सोडवेना, म्हणून तोही वर आला. अनुसयाकाकूंच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. मी दिवसभर ऑफिसात पत्रं टाइप करणारी, पण कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेय. म्हणून जुन्या ग्रीकांवर बोलायचं माझ्या गळ्यात पडलं.

मी सांगितलं, ग्रीकांच्या मते सद्गुण कुणी जन्मतः घेऊन येत नाही. तबला वाजवत वाजवत तबलजी होतो, तसा धीटपणानं वागत वागत माणूस धीट होतो. एका टोकाला भित्रेपणा, दुसऱ्या टोकाला आततायीपणा, धीटपणा मधे. काकू म्हणाल्या, हे तर आपल्या मध्यम मार्गाच्या घरचंच निघालं.

चहाच्या वेळी हा उंच, लाजाळू धम्मदीप जवळ आला.

"मी फार भित्रा आहे, मॅडम. सराव... कुठून सुरू करू?"

"छोट्यापासून. आणि मॅडम नको, रचना म्हणा."

"ते — पुढच्या शुक्रवारी," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मग दर शुक्रवारी दोन तास गाडी हाकत तो यायचा आणि आठवडाभरात काय धाडस केलं ते सांगायचा. मेसवाल्याला भाजी खारट आहे म्हणून सांगितलं. घरमालकाकडून एसी दुरुस्त करून घेतला. तिसऱ्या शुक्रवारी एकदाचं रचना म्हणाला. मी गुरुवारपासूनच ड्रेस ठरवायला लागले होते, पण कबूल करीन तर शपथ.

सहाव्या शुक्रवारी त्यानं वेगळंच सांगितलं. त्याच्याकडे बांधकामाच्या साइटवरच्या सुरक्षेचं काम. परांचीचे क्लॅम्प ढिले होते, तरी अर्बाब, म्हणजे त्याचा मालक, म्हणाला, यल्ला, चल लवकर, सगळं ठीक आहे म्हणून सही कर. यानं केली नाही. नोकरी खलास, रविवारी नागपूरचं विमान.

माझ्या पोपटपंचीपायी याची नोकरी गेली. मी माफी मागितली.

"तुमच्यामुळे नाही. वर अकरा माणसं चढणार होती," तो म्हणाला. "आणखी एक बोलायचं होतं... पण नोकरी नसताना ते बोलणं म्हणजे आततायीपणा."

आणि जिना उतरून गेला.

मी तशीच उभी. इतके शुक्रवार धीटपणावर तोंड मी चालवलं, आणि वागला तो. मला फार लाज वाटली. मी अनवाणीच खाली धावले. तो गाडीचं दार उघडत होता.

"मला तुमच्याशी लग्न करायचंय," मी धापा टाकत म्हटलं. "नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. मी थांबेन."

दुपारचं ऊन, पाय भाजत होते, मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. त्यानं चपला काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि स्वतः त्या तापलेल्या डांबरावर उभा राहिला.

"रविवारी घरी पोचलो की..." तो थांबला. मला वाटलं, आता म्हणणार आईला विचारतो.

"आईला सांगतो," तो म्हणाला.