दुसरा शेंडा

मासे धरायच्या काठीचा शेंडा वाहून गेला हे टिल्डाच्या लक्षात आलं तेव्हा ती मांडीभर पाण्यात उभी होती, आणि मी लाकडी पुलावरून हातगाडी ढकलत घरी चाललो होतो. सप्टेंबर सरत आला होता. ट्राउट मासा धरायचा हंगाम संपतच आला होता, डोंगरावरची मेपलची झाडं लाल व्हायला लागली होती.

तिनं काठी मागे नेली, झोकात पुढे फेकली... आणि काठीचा वरचा अर्धा भाग सांध्यातून निसटून दोरीवरून घसरत पुढे गेला. दोरी खडकात अडकली. तिनं रागानं हिसका दिला. दोरी तुटली. हातात नुसता बुडखा उरला. आइस्क्रीम खाली पडल्यावर पोर रिकाम्या कोनाकडे बघतं, तशी ती त्या बुडख्याकडे बघत राहिली.

मग तिनं वर पाहिलं.

"ओ पुलावरचे! बघता काय नुसतं? धरा ना!"

"काय धरू?"

"माझी काठी! तुमच्या पायाखालून चाललीय!"

मी वाकून पाहिलं. मधाच्या रंगाचा वेळूचा शेंडा पुलाखालून डौलात निघून गेला. मी गाडी टाकून दुसऱ्या बाजूला पळालो आणि कपड्यांसकट पाण्यात उतरलो. खालच्या डोहापर्यंत आम्ही दोघांनी शोधलं. सापडली एक जुनी बादली आणि माझी टोपी. टोपी पडल्याचं मला कळलंच नव्हतं.

टिल्डा असती तर तिनं मला इथंच अडवलं असतं. 'बादली नव्हती, दुधाची बरणी होती,' म्हणाली असती. आता अडवायला कोणी नाही, म्हणून मी बादलीच लिहितो.

काठावर बसून आम्ही बुटांतलं पाणी ओतलं. ती कुडकुडत होती आणि हसतही होती.

"सांधा बसवण्याआधी नाकाला घासला होता का?" मी विचारलं.

"काय घासलं होतं?"

"सांध्याचं धातूचं टोक. नाकाच्या कडेला घासायचं असतं. तिथलं तेल लागलं की सांधा घट्टही बसतो आणि नंतर नीट सुटतोही."

"भिजलेल्या बाईची चेष्टा करू नये, मिस्टर."

"चेष्टा नाही हो. आमच्याकडे सगळे असंच करतात."

ती थोडा वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिली. मला नाक झाकून घ्यावंसं वाटलं.

"मी मेणबत्तीचं मेण लावलं होतं," ती म्हणाली. "भरपूर."

"मग तो जाणारच होता."

तिचं हसू गेलं. "काठी बाबांची होती. दोन शेंडे होते हिला. एक बाबांनीच घराच्या जाळीच्या दारात चेमटवला. दुसरा आज मी... बाबा वसंतात गेले. ते असते तर म्हणाले असते, टिल्डा, तू आपली तारयंत्रावर बोटं चालव, काठीच्या नादी लागू नकोस."

ती एल्क हॉलोच्या स्टेशनवर तारबाबूचं काम करायची. हॉर्नबेक स्टेशनमास्तरची मुलगी. मी तिला खिडकीमागे पाहिलं असणार, पण ओलीचिंब कधी पाहिली नव्हती.

चांगल्या काठीला दोन शेंडे असतात. एकदा एक लावायचा, पुढच्या वेळी दुसरा, म्हणजे दोघं सारखे जुने होतात. आणि एक गेला तरी काठी अडत नाही. हिची अडली होती. मी बुडखा हातात घेतला. बुचाच्या मुठीच्या वर शाईनं बारीक नाव लिहिलं होतं. ते अक्षर मी रोज बघत होतो.

"ही आमच्याच दुकानातली आहे," मी म्हणालो. "चला."

दुकान माझ्या मामाचं, कॉर्नेलियस ओस्टरहाउटचं. त्याच्या हाताखाली मी रंधा धरायला शिकलो. मामानं बुडखा नाकाशी नेऊन हुंगला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं.

"काठी झकास आहे. शेंडा मिळणार नाही."

"का पण?" टिल्डानं विचारलं.

"वेळू कुठाय? हा वेळू चीनच्या एका खोऱ्यात होतो, दुसरीकडे होत नाही. सरकारनं चीनचा माल बंद केला त्याला आता वर्षं झाली. माळ्यावर जे उरलेत त्यांच्यावर गिऱ्हाइकांची नावं लागलीत." मग त्याचं लक्ष माझ्या पँटमधून गळणाऱ्या पाण्याकडे गेलं. "हा पाण्यात उतरला होता?"

"हो. टोपीसकट," टिल्डा म्हणाली.

"ह्याला पोहता येत नाही, माहितीय?"

टिल्डानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मामा शिडी चढला आणि अर्धा चिरलेला वेळू घेऊन खाली आला. "एक शेंडा निघेल. दोन नाही."

"आणि दुसरा?"

"चीन उघडलं की."

"म्हणजे कधी?"

"ते ह्याला विचारा. माझ्यानंतर दुकान ह्याचंच आहे."

तो हिवाळा असा गेला. टिल्डा ड्यूटी संपली की बर्फ तुडवत यायची, बूट दारात आपटायची, शेगडीजवळच्या पिंपावर बसायची. पहिल्यांदा कारण होतं—काम कुठवर आलं? नंतर कारण विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं.

मी वेळू उभा चिरून कामट्या काढल्या. सहा कामट्या निवडल्या, एकीची पेरं दुसरीच्या पेराशेजारी येणार नाहीत अशा मांडल्या. पोलादी साच्यात घालून एकेकीला तिरका रंधा मारत राहिलो. शेंड्याच्या टोकाशी कामटी काडेपेटीतल्या काडीहून बारीक होते. तिथं श्वासही जपून घ्यावा लागतो.

"तुम्ही रंधा मारताना जीभ बाहेर काढता," टिल्डा म्हणाली.

"नाही काढत."

"आत्ता बाहेर आहे."

मी जीभ आत घेतली. कामटी वाया गेली.

"एलायस," आतून मामा ओरडला, "तिला आणखी वेळू नाही म्हणावं!"

मला सातवी कामटी काढावी लागली. ती नशिबानं निघाली.

सहाही कामट्या सरस लावून एक केल्या, वर दोरा आवळून टांगल्या. मग रेशीम गुंडाळायची वेळ आली. दोरी ओवायच्या कड्या काठीवर रेशमानंच बांधतात. मी फिकट पिवळं रीळ काढलं.

"हे नाही," टिल्डा म्हणाली. "बाबांच्या काठीवर रंग नव्हता. नुसती मधासारखी चमक होती."

"ती ह्याच रेशमाची. वॉर्निश लागलं की रंग निघून जातो."

"रंग कुठं निघून जातो?"

"मला काय माहीत. जातो."

"पैज लावा. हरले तर ॲपल पाय भाजून आणीन."

"आणि मी हरलो तर?"

"तर तुम्ही माझ्याकडे बघून बोलायचं. रंध्याकडे बघून नाही."

मी वेळूच्या एका तुकड्यावर रेशीम गुंडाळलं आणि कुंचल्यानं वॉर्निश लावलं. पिवळा रंग आमच्या डोळ्यांदेखत विरघळला, खालचा वेळू दिसायला लागला. टिल्डा तोंड उघडं टाकून बघत होती. ॲपल पाय आला तो फार गोड नव्हता, खालून जरा करपलाही होता. मी सगळा खाल्ला. पैज जिंकलो याचं मात्र मला वाईट वाटत होतं.

मग तीच म्हणाली, "मला शिकवा की गुंडाळायला." तारयंत्रावर तयार झालेली तिची बोटं. दोन दिवसांत ती असं गुंडाळायला लागली की धागा धाग्याला चिकटून बसायचा.

मामानं भिंग लावून पाहिलं. "एलायस, तुझ्या गुंडाळीतून बैलगाडी जाईल. हिच्यातून ढेकूण शिरून दाखवू दे."

"मामांना मीच पसंत आहे," टिल्डा मला म्हणाली. ती त्याला मामा कधीपासून म्हणायला लागली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारीत बातमी आली. आमच्या खोऱ्यातली रेल्वे मार्चअखेर बंद होणार. स्टेशन बंद, तारघर बंद. टिल्डाच्या बहिणीनं बफेलोत तिच्यासाठी काम बघून ठेवलं.

"बफेलोला नदी आहे ना?" मी विचारलं.

"तळं आहे. समुद्राएवढं." ती रीळ फिरवत राहिली. "पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारता येत नाही. ओ पुलावरचे म्हणायला तिथं पूलच नाही."

मी बोलायला हवं होतं. मी सरसाचं भांडं घासलं.

ती गेल्यावर मामा म्हणाला, "तू तिला विचारणार की मी विचारू? मी विचारलं तर ती हो म्हणेल, आणि तुझी मामी मला घराबाहेर काढेल."

"काय विचारू? माझ्याकडे आहे काय?"

"ते तिला विचार. ती रोज बर्फातून कशासाठी येते? तुझ्या शेगडीसाठी? शेगडी स्टेशनवर जास्त चांगली आहे."

मी ठरवलं, उद्या विचारतो. मार्च संपेपर्यंत तो उद्या आला नाही.

शेवटची गाडी दुपारची होती. हवा आठवडाभर ओली होती. शेंडा तयार होता, शेवटचा हात लावून वॉर्निशच्या कपाटात टांगला होता. त्या कपाटाला आमच्याकडे देवघरासारखं जपतात. धूळ नको, वारा नको. मांजरालासुद्धा त्या बाजूला यायची बंदी.

टिल्डा आली ती प्रवासाचा कोट घालून. सुटकेस तिनं उंबऱ्यातच ठेवली.

"झाला?"

"वाळला नाही अजून." मी कपाट उघडून दाखवलं. शेंडा ओल्या काचेसारखा चमकत होता. "उद्या वाळेल. पोस्टानं पाठवतो."

"पोस्टात मोडला तर?"

"पत्र्याच्या नळीत घालून पाठवतो."

"नळी हरवली तर?"

"रजिस्टर करतो."

"तुमच्याकडे सगळ्याला उत्तर आहे," ती म्हणाली. "एकच सोडून."

बाहेर छपरावरून बर्फाचं पाणी टपकत होतं. मी शेंड्याकडे बघत राहिलो. तीही शेंड्याकडे बघत होती.

मग तिनं उजव्या हातातला मोजा काढला. एकेक बोट मोकळं करत, सावकाश. आणि अंगठा पुढे करून ओल्या वॉर्निशवर ठेवला. नुसता टेकवला नाही. चांगला दाबला.

एवढ्या वर्षांत आमच्या दुकानात तसं कोणी केलं नव्हतं.

"अरेरे," टिल्डा म्हणाली. "आता काय?"

"आता... घासून काढावं लागेल. परत वॉर्निश. परत वाळवायचं."

"किती दिवस?"

"हवा अशीच राहिली तर... आठवडा. जास्तच."

"पण आजची गाडी शेवटची आहे."

"हो."

"मग मी काय करायचं, एलायस?"

मिस्टर नाही, तुम्ही नाही. नुसतं एलायस. तिचा अंगठा वॉर्निशनं चमकत होता आणि दुसऱ्या हातात तिनं मोजा पार चुरगाळला होता. तेव्हा कुठं मला कळलं की ती माझ्याहून जास्त घाबरलीय.

"थांब," मी म्हणालो.

"किती?"

"कायमची. म्हणजे... तुला चालत असेल तर. माझ्याकडे शेगडी काही तेवढी चांगली नाही—"

"माहितीय मला शेगडी कशी आहे."

बाकावर एक सुटा सांधा पडला होता. तिनं तो उचलला आणि माझ्या नाकाच्या कडेला घासला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अगदी मन लावून.

"हे कशाला?"

"घट्ट बसावं म्हणून," ती म्हणाली. "मेणाचा अनुभव आहे मला."

खालच्या वळणावर गाडीनं शिट्टी दिली. आम्ही दोघांनी ऐकली आणि जागचं कोणी हललं नाही. आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला, "ती सुटकेस कोणीतरी आत घ्या! अडखळून मरेन मी दारात!"

मे महिन्यात लग्न झालं. सकाळी चर्च, संध्याकाळी नदी. काठी तिची, शेंडा नवा. पहिला मासा तिनंच काढला आणि माझ्याकडे बघून हसत परत पाण्यात सोडला.

शेंडा मी घासला नाही. त्या ठशावरूनच वॉर्निशचा पुढचा हात दिला. काठी उजेडात तिरकी धरली की अंगठ्याच्या रेषा अजून दिसतात.

त्यानंतर आमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक काठीवरचं रेशीम टिल्डाच्या हातचं होतं. मामा गेला, चीनचा वेळू परत यायला लागला, आम्ही म्हातारे झालो. दर हिवाळ्यात ती शेगडीजवळून विचारायची, "माझा दुसरा शेंडा?" आणि मी म्हणायचो, "आधी गिऱ्हाइकांचं होऊ दे."

"राहू दे तसाच," ती म्हणायची. "तो द्यायचा राहिलाय तोवर तू कुठं पळून जाणार नाहीस."

मी गेलो नाही.

मागच्या वर्षी पानं गळायला लागली तेव्हा तिला दम लागायला लागला होता. मी माळ्यावरचा सगळ्यात चांगला वेळू खाली आणला. ती खुर्चीत बसून बघायची. "जीभ आत," म्हणायची. रेशमाची रिळं मांडीवर घेऊन तिनं एक फिकट पिवळं निवडलं आणि खिडकीत ठेवलं. थंडी कमी झाली की गुंडाळते म्हणाली. फेब्रुवारीत ती गेली.

शेंडा सरळ निघालाय. सांधा बसवलाय, नाकाला घासूनच. कड्या बाकावर ओळीनं मांडून ठेवल्यात. रीळ खिडकीत आहे.

रेशीम गुंडाळायचं राहिलंय.